दोनदा नकार आला, आता तिसऱ्यांदा जाऊ का?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई 34 वर्षांच्या आहेत. लातूर जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या शाळेत शिकल्या, मराठवाड्यातल्याच महाविद्यालयातून संगणक अभियांत्रिकी केलं. अकरा वर्षं हिंजवडीतल्या एका आयटी सेवा कंपनीत आहेत, त्यातली सहा एका परदेशी बँकेच्या पेमेंट प्रणालीवर. पती चाकणला नोकरीला, मुलगा पाच वर्षांचा, सासूबाई सोबत राहतात. गेल्या तीन वर्षांत त्यांनी दोन बड्या तंत्रज्ञान कंपन्यांत मुलाखती दिल्या. एकीकडे फोनवरच्या फेरीतच नकार मिळाला, दुसरीकडे सगळ्या फेऱ्या झाल्यावर दोन ओळींचा ईमेल आला. आता पहिल्या कंपनीच्या रिक्रूटरने पुन्हा विचारलं आहे, जागा हैदराबादला. मुलगा झोपल्यावर रात्री दीडपर्यंत लीटकोड या कोडिंगच्या सरावाच्या संकेतस्थळावर सराव चालतो, सकाळी सहाला डब्यासाठी उठायचं असतं. मावसभाऊ 24 व्या वर्षीच अशा कंपनीत लागला, त्यावरून घरात बोललं जातं. त्या विचारतात: "समोर कुणी बसलं की येत असलेलंही आठवत नाही. इंग्रजी बोलताना अडखळते. पुन्हा प्रयत्न करू, की आपली तेवढी कुवत नाही हे मान्य करून गप्प बसू?"

ताई,

पत्राच्या शेवटाकडे तुम्ही एक गोष्ट जाता जाता लिहून टाकली आहे. मागच्या वर्षी महिनाअखेरीला पगाराच्या पेमेंटची एक फाइल दोनदा पुढे गेली. पलीकडच्या सर्व्हरचं उत्तर यायला उशीर झाला, तेव्हा तुमच्या प्रणालीने 'गेलीच नाही' असं धरून ती परत पाठवली. रात्री दोन वाजता तुमच्या ते लक्षात आलं, पैसे खात्यांत पडायच्या आत तुम्ही दुसरी खेप थांबवलीत. पुढच्या आठवड्यात प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक देऊन तो आधी येऊन गेला आहे का हे तपासायची सोय केलीत. आणि मग लिहिलंत, "पण यात विशेष काही नाही, माझं कामच आहे ते."

विशेष आहे, ताई. एकच मागणी दोनदा आली तरी पैसे एकदाच जावेत, हा पैशांच्या प्रत्येक प्रणालीतला अवघड भाग आहे. बड्या कंपन्यांच्या सिस्टिम डिझाइनच्या, म्हणजे मोठी प्रणाली कशी उभारायची हे विचारणाऱ्या, फेरीत आयडेम्पोटन्सी या नावाने तो हमखास विचारला जातो. उत्तर देणारे बहुतेक जण ते वाचून आलेले असतात. तुम्ही तो प्रश्न लोकांचे खरे पगार पणाला लागलेले असताना सोडवला आहे. म्हणून 'माझी कुवत नाही' या तुमच्या वाक्याशी मी सहमत होऊ शकत नाही. तुम्हाला दुखवायचं नाही म्हणून हे म्हणत नाही. तुम्हीच पत्रात त्याच्या उलट पुरावा दिला आहे.

मग दोन कंपन्यांनी नाही का म्हटलं? कारण त्यांनी हे पाहिलं नाही. फोनवरच्या फेरीत साधारण 45 मिनिटं असतात. त्यात ॲरे, ट्री, ग्राफ या माहिती मांडायच्या रचनांवरचे एक-दोन प्रश्न, समोर एक कोरा एडिटर आणि पलीकडे अनोळखी माणूस. तिथे जे तपासतात त्याचा रोजच्या कामाशी संबंध आहे, पण दूरचा. रोज चाकण-हिंजवडी दुचाकी चालवणारा माणूस आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढताना पाय टेकवतो, तेव्हा त्याला गाडी येत नाही असं आपण म्हणत नाही. परवाना हवा तर आठचा आकडा वेगळा शिकावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

हे उमेदवारांचं समाधान करण्यासाठी रचलेलं नाही. गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लाझ्लो बॉक यांनी 2013 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला जाहीरपणे सांगितलं होतं की कंपनीने हजारो मुलाखती तपासून पाहिल्या, मुलाखतीत दिलेले गुण आणि त्या माणसाने पुढे केलेलं काम ताडून पाहिलं, तर दोहोंत काहीच संबंध सापडला नाही. त्यानंतर त्यांनी पद्धत बदलली, सगळ्यांना ठरावीक प्रकारचे प्रश्न आणि ठरावीक निकष आणले, कोडी बंद केली. सुधारणा झाली, पण चाळणी चाळणीच राहिली. चुकीचा माणूस आत येण्यापेक्षा योग्य माणूस हातचा गेलेला परवडला, असा या कंपन्यांचा हिशेब असतो. होमब्रू हे मॅक संगणकावर सॉफ्टवेअर बसवायचं साधन लिहिणारे मॅक्स हॉवेल यांना 2015 मध्ये गूगलने नाकारलं. फळ्यावर बायनरी ट्री उलटा करता आला नाही, असं त्यांनी स्वतःच संतापून लिहिलं. त्यांचंच साधन त्या कंपनीतले अभियंते वापरत होते.

आता तुमच्या दुसऱ्या वाक्याकडे येते, कारण माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. "समोर कुणी बसलं की येत असलेलंही आठवत नाही." हे तुम्ही स्वतःचा दोष म्हणून लिहिलं आहे. 2020 मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी संगणकशास्त्राच्या 48 विद्यार्थ्यांवर नेमकं हेच तपासलं. काही जणांनी प्रश्न फळ्यावर, परीक्षकासमोर, बोलत बोलत सोडवायचा होता. बाकीच्यांनी फळ्यावरच, पण बंद खोलीत एकट्याने. कुणी बघत असताना कामगिरी निम्म्याहूनही खाली घसरली. त्या प्रयोगात मुली थोड्या होत्या, म्हणून त्यावर फार मोठा निष्कर्ष काढू नये, पण एकट्याने सोडवणाऱ्या सगळ्या मुलींना उत्तर आलं आणि परीक्षकासमोरच्या एकीलाही आलं नाही. संशोधकांचं म्हणणं असं की अशा मुलाखती कोडिंगपेक्षा घाबरण्याचीच परीक्षा घेतात.

तेव्हा तुमच्या सरावाकडे पाहा. तीन वर्षं तुम्ही रात्री, एकटीने, गप्प बसून प्रश्न सोडवता आहात. आणि परीक्षा दिवसा, माणसासमोर, बोलत द्यायची आहे. शेकडो प्रश्न सोडवूनही त्या क्षणी हात थिजतात यात नवल नाही. जे कमी पडतं आहे त्याचा सराव अजून सुरूच झालेला नाही.

मी बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते आहे, म्हणून तिथे काय चालतं ते सांगते. मुलाखत घेणारा माणूस बहुतेक ठिकाणी एकट्याने निर्णय घेत नाही. गूगलमध्ये तो आपलं निरीक्षण लिहून देतो, आणि उमेदवाराला कधीही न भेटलेल्या लोकांची समिती ते वाचून ठरवते. ॲमेझॉनमध्ये एक बार रेझर, म्हणजे भरतीचा दर्जा राखणारा परीक्षक असतो, ज्या टीमसाठी भरती चालली आहे तिच्या बाहेरचा. म्हणजे तुमच्याबद्दल जे कागदावर उतरेल तेच पुढे जातं. उमेदवार वीस मिनिटं गप्प राहून एकदम बरोबर कोड लिहितो, तेव्हा माझ्या कागदावर 'कोड बरोबर' याखेरीज काही नसतं. दुसरी मुलगी अडखळत का होईना सांगते की आधी साधा मार्ग घेते, तो दहा लाख नोंदींना चालणार नाही, म्हणून हॅशमॅप, म्हणजे नोंद झटकन सापडेल अशी रचना वापरते, त्यात मेमरी जास्त लागेल पण इथे ते चालेल. तिचा कोड शेवटी अर्धवट राहिला तरी माझा कागद भरलेला असतो आणि समितीला वाचायला काहीतरी मिळतं.

इंग्रजीची भीती मला समजते. मराठी माध्यमातून आलेल्या कितीतरी मुलामुलींना मी त्यापायीच गप्प झालेलं पाहिलं आहे, आणि दर वेळी वाईट वाटतं. पण या मुलाखतीत लागणारं इंग्रजी किती असतं? माहिती क्रमाने लावलेली आहे का, पुनरावृत्ती होऊ शकते का, रिकामी यादी आली तर काय करायचं, याला किती वेळ लागेल, मी इथे अडकले आहे कारण अमुक. तीस-चाळीस वाक्यांत सगळं येतं. समोरचा माणूस तमिळ, चिनी, पोलिश असा कुणीही असू शकतो, आणि त्याचंही इंग्रजी शिकलेलंच असतं. माझी एक आग्रहाची सूचना आहे: प्रत्येक प्रश्न आधी मराठीत मोठ्याने समजावून सांगा, अगदी भिंतीला सांगितल्यासारखा. मराठीत सुसंगत सांगता आला की तोच इंग्रजीत सांगा, सावकाश, लहान वाक्यांत. मराठीतच अडखळलात तर अडचण इंग्रजीची नव्हती, प्रश्न अजून उलगडला नव्हता. हा भेद कळणंसुद्धा फार उपयोगाचं आहे.

ज्या फेरीबद्दल तुम्ही पत्रात एक अक्षर लिहिलेलं नाही, ती म्हणजे अनुभवाची. ॲमेझॉनची 16 लीडरशिप प्रिन्सिपल्स, म्हणजे कामाची तत्त्वं आहेत, आणि तिथल्या जवळपास प्रत्येक फेरीत त्यांवर प्रश्न येतात. इतर कंपन्यांतही या ना त्या नावाने ही फेरी असते. आपल्याकडची माणसं इथे फार गुण घालवतात, आणि बायका तर अधिकच. 'आम्ही असं केलं, आमच्या टीमने ठरवलं' असं बोलायची आपली सवय आहे. घरी-दारी हाच संस्कार असतो, स्वतःचं कौतुक स्वतः करू नये. पण मुलाखत घेणाऱ्याला टीमला नोकरी द्यायची नसते, तुम्हाला द्यायची असते. त्या रात्री कुणाच्या लक्षात आलं? माझ्या. खेप थांबवायचा निर्णय कुणी घेतला? मी. व्यवस्थापकाला उठवलं की आधी थांबवून मग कळवलं? का? किती व्यवहार होते, किती खाती? क्रमांक तपासायची सोय डेटाबेसमध्ये केली की सर्व्हिसमध्ये, आणि तीच का? त्यामुळे काही मंदावलं का? आज पुन्हा केलं तर काय वेगळं कराल? एवढ्या प्रश्नांची उत्तरं एका वहीत लिहून काढा. बँकेचं नाव आणि गोपनीय तपशील अर्थातच वगळा. अशा चार-पाच गोष्टी अकरा वर्षांत तुमच्याकडे नक्की आहेत. लिहून झाल्यावर त्या तीन-तीन मिनिटांत मोठ्याने सांगा. हीच फाइलची गोष्ट डिझाइनच्या फेरीतही कामाला येईल, आणि तिथे पाठ करून आलेल्यांत तुम्ही लगेच वेगळ्या दिसाल.

इथवर मी 'कसं' ते सांगितलं. पण जावं की नाही याचा विचार तुमच्या पत्रात फक्त कुवतीपुरता आहे, आणि तिथे थोडं थांबायला हवं.

ही नोकरी तुम्हाला कशासाठी हवी आहे? पत्रात पगाराचा उल्लेख एकदा आहे, कामाबद्दल एकही वाक्य नाही, आणि मावसभाऊ चारदा आला आहे. तो 2021 मध्ये लागला, असं तुम्हीच लिहिता. त्या वर्षी या कंपन्या सपाटून भरती करत होत्या. त्याने तयारी केली तेव्हा त्याच्यावर डब्याची, पाल्याच्या अभ्यासाची, कुणाच्या औषधांची जबाबदारी नव्हती. त्याचं यश खरं आहे, पण ते तुमच्या मोजमापाची पट्टी होऊ शकत नाही. घरात तुलना थांबावी एवढ्यासाठी हैदराबाद गाठायचं असेल, तर ती किंमत फार मोठी आहे.

आत गेलं की सुटलो, असंही नसतं. नोव्हेंबर 2022 मध्ये मेटाने 11,000 लोक कमी केले, जानेवारी 2023 मध्ये गूगलने 12,000 आणि मायक्रोसॉफ्टने 10,000. ॲमेझॉनने त्याच सुमारास 18,000 आणि मार्चमध्ये आणखी 9,000. यांतले कितीतरी जण अशाच मुलाखती पार करून आत गेलेले होते. म्हणजे मुलाखतीतला होकारही माणसाबद्दल शेवटचा शब्द नसतो. कामाचं स्वरूपही वेगळं असतं. आज तुम्ही पेमेंट फाइल येण्यापासून पैसे खात्यात पडेपर्यंत सगळी वाट ओळखता. तिथे कदाचित एका भल्यामोठ्या प्रणालीतली एकच सर्व्हिस, म्हणजे तिचा एक छोटा भाग, तुमच्याकडे येईल. छोट्या बदलासाठीही डिझाइनचा दस्तऐवज, दोन-तीन जणांची तपासणी, ऑन-कॉलची, म्हणजे बिघाड झाल्यास केव्हाही धावून जायची पाळी. पदोन्नतीसाठी स्वतःच्या कामाचा पुरावा स्वतः गोळा करायचा. काहींचा जीव त्यात घुसमटतो. काहींना मात्र तिथेच पहिल्यांदा आपल्याहून जाणत्या माणसांकडून आपला कोड नीट वाचला जातो, आणि दोन वर्षांत त्या इतक्या वाढतात की ओळखू येत नाहीत. तुमच्या पत्रातली उत्सुकता पाहता तुम्ही दुसऱ्या प्रकारच्या असाल असं मला वाटतं. तरी तिथे काम करणाऱ्या एक-दोघींशी पगार सोडून रोजच्या दिवसाबद्दल बोला.

पदाचाही प्रश्न येईल. सेवा कंपनीतून अकरा वर्षांनी जाताना एक पायरी खालची देऊ करणं नेहमीचं आहे. गूगलमध्ये नवा पदवीधर एल3, म्हणजे तिसऱ्या लेव्हलवर येतो, सीनियर म्हणजे एल5. तुम्हाला एल4 म्हटलं तर तो अपमान धरू नका. काम चांगलं आणि पैसे पुरेसे असतील तर खालच्या पायरीवर रुळायला वेळ मिळतो. मात्र वरच्या पदासाठी मुलाखत असेल तर डिझाइनची फेरी जड असते, म्हणून कोणत्या पदासाठी बघत आहेत हे आधीच विचारून घ्या.

हैदराबादबद्दल तुम्ही 'ते नंतर बघू' असं लिहिलं आहे. नंतर नको. मुलाची पहिलीची शाळा, चाकणची नोकरी, सासूबाईंचे डॉक्टर, हे सगळं ऑफर हातात आल्यावर आठ दिवसांत ठरवायला गेलात तर घरात जे होईल ते मुलाखतीपेक्षा कठीण असेल. आत्ता, काही पणाला लागलेलं नसताना, चौघांनी बसून बोला. सासूबाईंनाही घ्या. आणि पुण्यात राहून काय आहे तेही मांडा. गूगलचं कार्यालय पुण्यातही आहे. बार्कलेज, डॉइश बँक, मास्टरकार्ड यांची तंत्रज्ञान केंद्रं पुण्यात आहेत, आणि पेमेंटची सहा वर्षं ही तिथे थेट कामाची गोष्ट आहे. या कंपन्यांचं नाव मावसभावाच्या कंपनीएवढं घरात गाजणार नाही. पण तुमचा अनुभव तिथे समजावून सांगावा लागत नाही, आणि माझ्या दृष्टीने ते मोठं आहे.

सराव कसा करायचा ते सांगते, पण आधी रात्रीचा दीड बंद. साडेचार तास झोपून कुणाचीही स्मरणशक्ती टिकत नाही, आणि विसरायला होतं म्हणून तुम्ही अजून जागता. पत्रात पती 'मदत करतात' असं आहे, पण डबा, गृहपाठ, औषधं सगळी तुमच्याच नावावर दिसतात. बारा आठवड्यांसाठी सकाळचा डबा त्यांच्याकडे द्या आणि शनिवार-रविवारच्या दोन सकाळी पूर्ण तुमच्या, दार लावून. असं त्यांना स्पष्ट सांगा. ही नोकरी लागली तर पैसे चौघांच्या घरात येणार आहेत, तयारीचा भार एकटीने घ्यायचं कारण नाही.

बारा आठवडे पुरेत, त्याहून जास्त ताणू नका. ब्लाइंड 75 म्हणून 75 निवडक कोडिंग प्रश्नांची यादी तयारी करणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. तेवढीच घ्या, नवे प्रश्न शोधत बसू नका. टू पॉइंटर, स्लायडिंग विंडो, बायनरी सर्च, बीएफएस-डीएफएस, हीप, यांतला प्रत्येक प्रकार आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा, कोऱ्या पानावर. डायनॅमिक प्रोग्रॅमिंग या अवघड प्रकारात महिने घालवू नका, सोपे चार प्रकार समजले की पुढे चला. आणि आठवड्यातून दोनदा माणसासमोर बसा, हे मात्र चुकवू नका. कॉलेजची मैत्रीण चालेल, ऑफिसमधली विश्वासाची सहकारी चालेल. मी तर म्हणेन मावसभावालाच विचारा. ज्याच्यावरून घरात बोललं जातं तोच समोर बसून घड्याळ लावून प्रश्न विचारू लागला की पोटातला गोळा आधी वाढेल, पण तिसऱ्या-चौथ्या वेळी तो सैल होईल. त्यालाही बहुधा आनंदच वाटेल. नातेवाईक तुलना करतात तेव्हा ती त्या मुलालाही आवडत नसते.

एक नवी गोष्ट ध्यानात ठेवा. एआयची छुपी मदत घेऊन उत्तरं देण्याचे प्रकार वाढले, तेव्हा 2025 मध्ये सुंदर पिचाई यांनीच सांगितलं की गूगल किमान एक फेरी प्रत्यक्ष समोरासमोर घेणार आहे. म्हणून फळ्यावर किंवा कागदावर, एडिटरच्या सूचनांशिवाय लिहायचा सराव हवा. छुपी साधनं विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. याच सदरात इतर वाचकांनी विचारलं होतं त्यांनाही सांगते, रेफरलचे, म्हणजे कंपनीत नाव सुचवण्याचे, पैसे मागणारा किंवा मुलाखतीसाठी शुल्क घेणारा कुणीही खरा नसतो. मोठ्या कंपन्या उमेदवाराकडून एक रुपयाही घेत नाहीत.

ऑफर आली तर तो मोठा आकडा सुटा करून वाचा. त्यातला बराच भाग शेअर्सचा असतो, आणि ते बहुधा चार वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळतात. ॲमेझॉनमध्ये पहिल्या वर्षी 5 टक्के, दुसऱ्या वर्षी 15, मग 40 आणि 40 अशी वाटणी प्रसिद्ध आहे. शेअर हातात पडतात त्या दिवशीच्या किमतीवर पगारासारखा प्राप्तिकर लागतो, विकताना नफ्यावर पुन्हा वेगळा. शेअर परदेशी कंपनीचे असतील तर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरावं लागतं, आयटीआर-1 हा साधा फॉर्म चालत नाही. रुजू होताना मिळणारा बोनस वर्षाच्या आत सोडल्यास परत मागतात, ते कलम बघा. विम्यात सासूबाई बसतात का ते विचारा. आणि लेखी पत्र हातात आल्याशिवाय राजीनामा नाही. तुमचा नोटिसीचा काळ 90 दिवसांचा आहे, तेवढे दिवस नवी कंपनी थांबेल का हे त्या पत्राआधीच बोलून घ्या. पाच वर्षांहून जास्त नोकरी झाल्याने ग्रॅच्युइटी तुमच्या हक्काची आहे, ती सोडू नका.

माझं मत विचाराल तर जा. पण आत्ता ज्या पद्धतीने चाललं आहे तसं जाऊ नका, आणि एकट्या त्या कंपनीसाठी जाऊ नका. याच बारा आठवड्यांच्या तयारीवर पुण्यातल्या दोन-तीन ठिकाणी अर्ज करा, आणि शक्य असेल तर पहिली मुलाखत त्यांतल्या एखाद्या ठिकाणी द्या, म्हणजे हैदराबादच्या वेळी अंगवळणी पडलेलं असेल. घरच्या बैठकीत हैदराबाद नकोच असं ठरलं, तर रिक्रूटरला तसं सांगून पुण्याची जागा विचारा. त्यात कमीपणा नाही, उलट पुढच्या वेळी ते त्याच जागेसाठी फोन करतात.

या आठवड्यात रिक्रूटरला उत्तर द्या. आनंद व्यक्त करा आणि विचारा: पद कोणतं, टीम कोणती, फेऱ्या किती आणि कशाकशाच्या, प्रत्यक्ष यावं लागेल का, पुण्यातून काम शक्य आहे का. तयारीसाठी दहा-बारा आठवडे मागा. मागायला संकोच करू नका, हे रोज मागितलं जातं आणि बहुधा मिळतं. ऑफिसात कुणाला सांगायची गरज नाही, मुलाखतीच्या दिवशी रीतसर रजा टाका, आदल्या रात्री एकही प्रश्न सोडवू नका.

नकार आलाच, तर दोन दिवसांनी रिक्रूटरला फोन करा. लेखी तपशील ते देणार नाहीत, पण कोडिंगमध्ये कमी पडलं की डिझाइनमध्ये, एवढं तोंडी बरेचदा सांगतात. ते वहीत लिहा. पुन्हा अर्ज करायला बहुतेक ठिकाणी सहा महिने ते वर्ष थांबावं लागतं. त्यातला पहिला महिना लीटकोड उघडू नका, आणि त्याच वहीतल्या चार-पाच गोष्टी घेऊन आत्ताच्या कंपनीत तुमच्या व्यवस्थापकाकडे जा. सहा वर्षं पेमेंट सांभाळणाऱ्या माणसाची बढती अजून का थांबली आहे हे त्यांना विचारा. त्या रात्रीची फाइल कुणी थांबवली हे त्यांनाही माहीत नसेल, तर तेही सांगा.